चहा सांगा, काम थांबवू नका



तुर्भ्याचा कांदा-बटाटा बाजार.
सकाळची वेळ.
व्यापारी गाळ्यावरून चहा सांगतो.
चहा येईपर्यंत हात बांधून बसत नाही.
गोण्या मोजणं चालूच राहतं.

वेबपानालाही हे जमतं.
त्याला म्हणतात असिंक्रोनस विनंती.
म्हणजे, मागायचं, पण थांबायचं नाही.

मायक्रोसॉफ्टनं १९९९ साली आपल्या ब्राउझरमध्ये ही सोय दिली.
२००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला नाव दिलं, एजॅक्स.

सर्व्हरवर काम करणाऱ्या मित्रांनो,
तुम्ही आजवर अख्खं पान बांधून पाठवत आलात.
आता मागितलं तेवढंच पाठवा.
भाव विचारला, तर फक्त भाव.
सगळा बाजार नको!
हे उत्तर बहुधा जेसन स्वरूपात जातं.
ब्राउझरकडून मागणी करायला फेच हे फंक्शन पुरतं.

सुरुवातीला एक चूक हमखास होते.
माझीही झाली होती.
मागणीच्या पुढच्याच ओळीत आपण उत्तर वापरायला जातो.
अहो, चहा आत्ताच सांगितलाय.
पेला अजून आलाय कुठे?
म्हणून मागणीआधी अवेट हा शब्द लावा, आणि उत्तरानंतरचं काम त्या ओळीच्या खाली लिहा.
पुन्हा सांगतो.
मागायचं, पण थांबायचं नाही.

आणखी एक.
माहिती सापडली नाही, असं सर्व्हरनं कळवलं,
तरी फेच त्याला चूक मानत नाही.
ते तुम्हीच तपासायचं.

आज एक छोटं बटण करून बघा.
दाबलं, की सर्व्हरवरची वेळ दिसली पाहिजे.
पान मात्र जागचं हलता कामा नये.