खेळ, खबर आणि आपले मत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



'कोणत्याही विषयावर बोला, मात्र राजकारण नको,' अशी सूचना कार्यवाहबाईंनी मला दिली होती. ती मी अर्धीच पाळणार आहे. आज मी तीन विषय घेतले आहेत : मोबाइलवरचे खेळ, आपल्या व्हॉट्सॲप गटावर येणाऱ्या आरोग्याच्या खबरा, आणि ज्याचे नाव काढायचे नाही ते राजकारण. मते माझी स्वतःची आहेत. पटली नाहीत तर चहाच्या वेळी खुशाल भांडावे.

प्रथम खेळाविषयी. खेळ म्हटला की नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. आपल्या आयांनी दुपारभर सागरगोटे खेळले आणि मंगळागौरीच्या रात्री जागवल्या. परंतु खेळ कोणता आणि जुगार कोणता, हे त्या पक्के जाणून होत्या. सागरगोटे हरलेल्या मुलीच्या घरातून काही जात नसे. पैसे लावून खेळणाऱ्याच्या घरातून जाते. आपल्याच भागातल्या एका कमावत्या मुलाने मोबाइलवरच्या पत्त्यांत आधी पगार घालवला, मग कर्ज काढले आणि शेवटी आईने भिशीसाठी डब्यात ठेवलेले पैसे नेले. आईला ते कळले भिशी भरायच्या दिवशी. त्या माउलीचे नाव मी घेणार नाही. तुम्हीही विचारू नका.

हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असे हे खेळ चालवणारे वर्षानुवर्षे सांगत आले. अहो, कौशल्य शकुनीपाशीही होतेच की! कौशल्य त्याचे आणि पणाला लागले ते पांडवांचे राज्य. जो आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोठून आला, असे द्रौपदीने भर सभेत विचारले, तेव्हा भीष्मांनाही सरळ उत्तर देता आले नाही. ज्या घरातला पैसा पणाला लागतो, त्या घरच्या बाईला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने यावर कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून खेळण्याची ऑनलाइन सोय करणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार ठरवलेले नाही, आणि हे मला फार योग्य वाटते. मुलगा तुरुंगात जाईल या भीतीने आई गप्प बसली, तर त्याला सोडवणार कोण?

तथापि कायद्याने दुकान बंद होते. सवय सुटत नाही. महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत देऊन दारूची दुकाने हटवली. पण तेथे दुकान निदान रस्त्यावर दिसत तरी होते. हे दुकान खिशात असते आणि रात्री पांघरुणात उघडते. म्हणून घरातली नजर हवी. नजर म्हणजे पाळत नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली या व्यसनाला रोगांच्या यादीत स्थान दिले, ती यादी २०२२ पासून लागू झाली. त्याची लक्षणे आपल्यालाही ओळखता येतील अशी आहेत : खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ मोठा होणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, तेही साधारण वर्षभर. सुट्टीत चार दिवस खेळला म्हणून मुलाला रोगी ठरवू नये. पण ही लक्षणे दिसली, तर शिव्याशाप न देता डॉक्टरांकडे न्यावे. सरकारची 'टेलिमानस' ही मनाच्या आजारांसाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते, फी पडत नाही. कृपा करून हा आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आता खबरांविषयी. गटावर सकाळी 'शुभ प्रभात' येते, दुपारी मधुमेहावर रामबाण उपाय येतो आणि रात्री 'अमुक लस मुलांना देऊ नका' असे येते. पाठवणारीचा हेतू चांगलाच असतो. पण २०२२ साली मुंबईत, विशेषतः गोवंडीच्या बाजूस, गोवराची साथ आली आणि त्यात लस न घेतलेली कितीतरी मुले सापडली. लस चुकण्याची कारणे पुष्कळ असतात. त्यांत भीतीची भर आपल्या हातून पडू नये. आणि अफवेचे टोक काय असते ते धुळे जिल्ह्याने पाहिले आहे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा गावात भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांतही कोणी आया असतीलच. पोरांच्या काळजीनेच त्यांनी ती पाठवली असेल.

म्हणून गटाला माझे एवढेच मागणे आहे. पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या : हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? चुकीचे निघाले तर कोणाचे नुकसान? उत्तर मिळाले नाही, तर निरोप आपल्यापाशीच थांबवावा. औषधाची गोष्ट असेल, तर आपल्या आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारावी.

राहता राहिले राजकारण. गटावर ते नको, हा नियम भांडणे टाळण्यासाठी केला, हे मी जाणते. अध्यक्षबाईंनी राग मानू नये. परंतु तुंबलेले गटार, दवाखान्यात नसलेली लस, जुगारावरचा कायदा, या साऱ्याचा निर्णय राजकारणातच होतो. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. लोक भीतीने रोगी लपवीत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत राहिल्या आणि त्याच रोगाने १० मार्चला गेल्या. त्यांना मताचा अधिकारही नव्हता. आपल्याला तो आहे. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागाही बायकांसाठी राखीव आहेत. एवढे असून आपण आपल्याच गटावर तोंड बांधून बसावे काय?

माझी सूचना अशी की, तो नियम बदलावा. पक्षाचा प्रचार नको, कोणाची जात-धर्म काढणे नको, शिवी तर नकोच. पण आपल्या वस्तीच्या प्रश्नावर प्रत्येकीला आपले मत नावानिशी मांडता यावे, आणि दुसरीने ते शेवटपर्यंत ऐकावे. एकीचे मत वेगळे पडले म्हणून तिला पुढच्या हळदीकुंकवाला वगळू नये. ज्या मंडळात वेगळे मत सुखरूप राहते, तेथेच डबा रिकामा झालेली आई आपले दुःख सांगायला येईल. ती आजवर आली नाही, याचा विचार आपण सर्वांनी करावा.

येत्या सभेत ही सूचना मी रीतसर मांडणार आहे. अनुमोदन देणारी एक भगिनी हवी आहे. विरोध करणारी मिळाली, तरी तिचेही स्वागतच आहे.