गोळी आणि पपनस

मंडळी, आपल्यात बीपीच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणारे बरेच आहेत, म्हणून बोलतो. कॅनडात डेव्हिड बेली यांनी एका प्रयोगात दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला, अन् फेलोडिपिन हे बीपीचं औषध रक्तात भलतंच वाढलेलं सापडलं. १९९१ साली ते छापून आलं. आतड्यातलं एक एन्झाइम बरंचसं औषध रक्तात जाण्याआधीच मोडतं. हा रस त्यालाच निकामी करतो. नवं तयार व्हायला दिवस-दोन दिवस लागतात, तेव्हा सकाळी गोळी, संध्याकाळी फळ हा हिशेब जमत नाही. आपलं पपनस त्याच कुळातलं. सिम्वास्टॅटिन, अटॉर्वास्टॅटिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. यवतमाळच्या बाजारातली संत्री मात्र खुशाल खा, त्यांत ही भानगड नाही. शुगरवाल्यांनी तेवढं बेतानं!