पाचवीची रात्र

(परिचारिका दिनानिमित्त एका परिचर्या महाविद्यालयात केलेले भाषण)



मी कला शाखेचा पदवीधर, पेशाने पत्रकार. नवजात शिशूंच्या परिचर्येविषयी मी आपल्यासमोर बोलावे, हे धार्ष्ट्यच. परंतु अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर एक्केचाळीस दिवस बसलेला आजोबा म्हणून थोडा अधिकार मला आहे, असे मी मानतो.

माझी नात तिसाव्या आठवड्यात जन्मली. वजन ११८० ग्रॅम. पहिल्याच दिवशी मी तिला पाहायला निघालो, तेव्हा दारातच एका तरुण परिचारिकेने मला अडवले. मी पत्रकार असल्याचे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, ‘‘काका, तुमच्या हातावर जे आहे ते तुम्हाला काही करणार नाही, पण तिला सोसणार नाही.’’ त्या क्षणी मला राग आला. आज त्या रागाची लाज वाटते.

सदतीस आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ म्हणजे केवळ लहान आकाराचे बाळ नव्हे, हे मला तेथे कळले. त्याच्या त्वचेखाली फारसा मेद नसतो, म्हणून ते ऊब धरू शकत नाही. अंग गार पडले की श्वास आणि रक्तातील साखर दोन्ही ढासळतात. त्वचा इतकी नाजूक, की चिकटपट्टी निष्काळजीपणे ओढली तरी सोलून निघावी. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ बसलेला नसतो, म्हणून दूध नळीवाटे थेंबाथेंबाने द्यावे लागते. श्वास घ्यायचाच ते मधूनमधून विसरते. अशा वेळी यंत्र नुसते वाजते. तळपायाला हलका स्पर्श करून त्या जीवाला श्वासाची आठवण करून देते ती परिचारिका.

प्राणवायूचेच पाहा. कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर दृष्टिपटलाला. म्हणूनच अशा बाळांची नेत्रतपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत व्हावी लागते. प्राणवायू किती द्यायचा हे डॉक्टर ठरवतात. पण पडद्यावरचा आकडा मर्यादेत राहतो की नाही, हे रात्रभर जागून पाहते परिचारिकाच. जे प्राणवायूचे, तेच औषधाचे. ग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या देहात दशांशचिन्हाची चूक क्षम्य नसते.

आठव्या दिवशी त्याच परिचारिकेने माझ्या मुलीला खुर्चीवर बसवले आणि बाळाला टोपी, मोजे व लंगोट एवढ्यावर तिच्या उघड्या छातीशी उभे ठेवले. मुलगी भीतीने थरथरत होती. परिचारिकेने तिचा हात बाळाच्या पाठीवर ठेवला, मान कशी आणि किती वळवायची ते दाखवले आणि ती शेजारीच उभी राहिली. जिने माझी वाट अडवली होती, तिनेच आईला वाट करून दिली. काय थांबवायचे आणि काय जवळ आणायचे, हा विवेक म्हणजेच परिचर्या, असे मला तेव्हा उमगले.

या पद्धतीला ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास, उबदार पेट्या अपुऱ्या पडू लागल्या तेव्हा तिचा आरंभ झाला. बाळ स्थिरावल्यावरच ती सुरू करावी, असा प्रघात पुढे अनेक वर्षे होता. जागतिक आरोग्य संघटनेने भारत आणि आफ्रिकेतील चार देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासाने त्याला छेद दिला. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात सहभागी होते. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केलेल्या बाळांत पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १२ टक्के राहिले, तर स्थिरावण्याची वाट पाहिलेल्या बाळांत ते १५.७ टक्के होते. याचा सरळ अर्थ असा, की आईची खाट अतिदक्षता विभागातच हवी आणि माय-लेकरू दोघांना सांभाळणारी परिचारिकाही तेथे हवी.

आईच्या दुधाविषयी तर आपल्या महाराष्ट्राने आशिया खंडाला वाट दाखवली. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. ज्या मातेला दूध येत नाही, तिच्या बाळासाठी दुसरी माता दूध देते. जात-पात कोणी विचारत नाही. आणि आपल्याच घरांत मात्र अजूनही पहिले चिकाचे दूध टाकून बाळाला मध चाटवला जातो. ही परंपरा नव्हे, हे अज्ञान आहे. ते दूर करण्याचे काम आपण घरोघरी केले पाहिजे.

या सेवेची दुसरी बाजूही बोलली पाहिजे. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात लागलेल्या आगीत दहा बालके दगावली. उपकरणे विकत घेतली म्हणजे व्यवस्था उभी राहत नाही. विजेची नियमित तपासणी हवी, सुटकेचा मार्ग हवा आणि प्रत्येक पाळीला पुरेशी माणसे हवीत. कृत्रिम श्वासावरच्या एका बाळासाठी एक परिचारिका असावी, असे शास्त्र सांगते. तिच्याकडे अनेक बाळे सोपवायची आणि हात धुण्यात कसूर झाली म्हणून तिलाच बोल लावायचा, हा न्याय नव्हे. देणगी देणाऱ्या सज्जनांना माझी विनंती आहे : पेटीवर आपले नाव कोरण्याआधी, ती पेटी सांभाळणारे हात किती आहेत, तेवढे विचारा.

आपल्याकडे समजूत आहे, की पाचवीच्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भाग्य लिहिते. घरोघरी पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडली जाते. माझ्या नातीच्या पाचवीला आमच्या घरी पूजा झाली नाही. आम्ही सारे रुग्णालयात होतो. मध्यरात्री काचेतून मी आत पाहिले. ती परिचारिका पेटीशेजारी उभी राहून तक्त्यावर तापमान, श्वास, दुधाचे थेंब यांची नोंद लिहीत होती.

आज माझी नात शाळेत जाते. तिच्या कपाळीचे भाग्य कोणाच्या अक्षरात आहे, ते मी त्या रात्री पाहिले आहे.