पहिले मोबदल्याचे काम

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्या तालुका मेळाव्यातील भाषण)



कुणाची नोकरी न धरता, आपले कौशल्य एकेका कामापुरते अनेकांना देऊन उपजीविका करणारा माणूस आपल्याला अपरिचित नाही. कचेरीबाहेरचा अर्जनवीस आणि दुकानांच्या पाट्या रंगविणारा पेंटर हे याच वर्गातले. आता भाषांतर करणारे, संगणकावर मजकूर जुळविणारे, हिशेब लिहून देणारे तरुण-तरुणी त्यांत आले आहेत. त्यांना ‘फ्रीलान्सर’ म्हणतात. आपण स्वतंत्र व्यावसायिक म्हणू. या सर्वांची पहिली अडचण एकच असते. पैसे देणारे पहिले गिऱ्हाईक कोठून आणावे?

शासकीय सेवेत येण्यापूर्वी दोन वर्षे मी भाषांतरे करीत असे. बी. ए. झालेल्याला इंग्रजी येते, असा समज त्या वेळी सार्वत्रिक होता. त्यामुळे कामाला तोटा नव्हता, मोबदल्याला होता. एका संस्थेचा चाळीस पृष्ठांचा अहवाल मी मराठीत करून दिला. दर ठरलेला नव्हता आणि मुदतही नव्हती. अखेरीस शाल व श्रीफळ मिळाले. शाल अद्याप घरी आहे.

पहिले पैसे दिले ते एका छापखान्याच्या मालकांनी. त्यांच्याकडे दर आठवड्यास पत्रके, अहवाल, नियमावल्या छपाईस येत आणि मुद्रिते तपासण्यासाठी ते कुणाला तरी पैसे देतच होते. मी एका नियमावलीची दोन पाने तपासून, चुका खुणावून त्यांच्यापुढे ठेवली. “दर काय?” त्यांनी विचारले. माझ्या तोंडून आकडा निघेना! तेव्हा त्यांनीच एका जुन्या बिलाच्या पाठीमागे पानामागचा दर आणि पैसे देण्याचा वार लिहून दिला. त्या चिठोऱ्याने मला जे शिकविले, ते पदवीने शिकविले नव्हते.

म्हणून नवोदितांना मी सांगतो, आपले कौतुक करणाऱ्याकडे प्रथम जाऊ नका. ज्याला ते काम वारंवार लागते आणि जो त्यासाठी आधीच खर्च करतो, त्याच्याकडे जा. सोबत प्रमाणपत्रांची चळत नको, दोन पानांचा नमुना पुरे. भाषांतराचा नमुना असेल तर त्यातील पदनामे भाषा संचालनालयाच्या पदनाम कोशाशी ताडून घेतलेली असावीत. जाणकाराची नजर तेथेच जाते. दर मूळ मजकुराच्या शब्दसंख्येवर सांगावा. तो ठरविताना केवळ लिहिण्याचे तास धरू नयेत. काम शोधण्यात गेलेले दिवस आणि रिकामे दिवसही त्यातूनच भागवायचे असतात. शब्दसंख्या, दर, मुदत, दुरुस्त्या किती वेळा, आगाऊ रक्कम किती, हे काम हाती घेण्यापूर्वी कागदावर यावे. आणि काम देण्याआधी जो नोंदणी शुल्क मागतो, तो गिऱ्हाईक नव्हे. घरबसल्या कामाच्या जाहिरातींना भुलून अनेकांनी पैसे गमावले आहेत.

पैसे मिळण्याच्या बाबतीत कायदा या माणसाच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून सुरू झाली. ती विनामूल्य आहे आणि सेवा देणाऱ्या एकट्या व्यक्तीलाही करता येते. काम घेण्यापूर्वीच ती केलेली बरी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये अशा नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु व्यावसायिकाचे देणे ठरलेल्या तारखेस द्यावे लागते, आणि ती तारीख काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. तारीख ठरलीच नसेल तर ही मर्यादा १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते.

आता थोडे आपल्याकडे वळतो. गावातील मुलाला पहिले काम बहुधा मुंबई-पुण्याहून येत नाही. ते शाळेकडून, पतसंस्थेकडून, ग्रामपंचायतीकडून येते. आणि मोबदला बुडण्याची सुरुवातही बहुधा येथेच होते. “आपलाच मुलगा आहे, करील की!” असे म्हणून आपण स्मरणिका जुळवून घेतो, फलकाचा मजकूर लिहून घेतो. गवंड्याला मात्र आपण असे म्हणत नाही. काही ठिकाणी दरपत्रकासोबत जीएसटी क्रमांक मागून त्या मुलाला दारातूनच परत पाठवितात. केवळ सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे त्याला ती नोंदणी करावीच लागत नाही. नियमावर बोट ठेवणाऱ्यांनी हाही नियम पाहावा.

शिक्षकांना एक विनंती आहे. वरच्या वर्गांत आपण अर्जलेखन शिकवितो, तद्वतच देयक कसे लिहावे हेही एका तासिकेत शिकवावे. अर्ज करणाऱ्या हाताला देयक लिहिताना संकोच वाटतो, हे मी स्वानुभवाने सांगतो.

या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका याच गावातील एका मुलीने तयार केली आहे. तिचे पैसे चुकते झाले काय, असे मी सकाळी संयोजकांना विचारले. रक्कम त्यांनी सांगितली नाही. पावती मात्र दाखविली.