साधी गाडी कीं शर्यती घाटाची?



‘स्पोर्ट’ म्हणून विकली जाणारी मोटारसायकल साध्या गाडीहून वेगवान असलीच पाहिजे, असा पुष्कळांचा समज असतो. रॉयल एन्फील्डनें २०१८ सालीं भारतांत आणलेल्या दोन गाड्या पाहा. इंटरसेप्टर साध्या घाटाची, कॉन्टिनेन्टल जीटी शर्यती घाटाची. परंतु इंजिन दोहोंचें एकच, ६४८ घनसेंटिमीटरचें, सुमारें ४७ अश्वशक्तीचें. भेद आहे तो मुख्यतः स्वाराच्या बैठकींत.

इंटरसेप्टरचें हँडल उंच व रुंद, म्हणून स्वार ताठ बसतो. जीटीचें हँडल खालीं आणि पाय ठेवण्याच्या खुंट्या मागें, त्यामुळें त्यास टाकीवर ओणवावें लागतें. मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला म्हणजे समोरचा वारा छातीस टेंकू देतो व मनगटांवरील भार हलका होतो. पण सायंकाळच्या लक्ष्मी रस्त्यावर तो वारा आणावयाचा कोठून? तेथें सारा भार मनगटांवर, आणि डावा हात तर क्लच दाबून दाबून आधींच शिणलेला!

आमच्या शेजारच्या एका तरुणाचा जीव जीटीवर जडला आहे. मीं विचारलें, “मागें कोण बसणार?” “आई. तिला दवाखान्यांत मीच नेतों.” मग त्या माउलीचे दुखरे गुडघे या व्यवहारांत मोजावयास नकोत काय? जीटी देखणी आहे, हें मी नाकारीत नाहीं. रविवारीं पहांटे एकट्यानें घांट चढणाऱ्यानें ती खुशाल घ्यावी. इतरांनीं मात्र, दुकानदार देत असेल तर, गर्दीच्या वेळीं अर्धा तास गाडी चालवून पाहावी. आणि मागें बसणाऱ्या माणसालाहि बरोबर न्यावें.