थोड्या अश्वशक्तीचे मोल

मोटारीचे इंजिन बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांच्या साहाय्याने थोडे अधिक बलवान करावे की नाही, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. मिस्त्री सांगतो, चार-पाच अश्वशक्ती वाढेल. मालक विचारतो, खर्च किती येईल. ही वाढ इंजिनाच्या कोणत्या गतीला मिळणार आणि तिच्या मोबदल्यात काय गमवावे लागणार, हे मात्र दोघांपैकी कोणीच बोलत नाही.

चार-पाच अश्वशक्ती म्हणजे किती, याची कल्पना येण्यासाठी श्रोत्यांनी कालक्याहून सिमल्याला चढणारी एखादी जुनी पेट्रोल मोटार डोळ्यांपुढे आणावी. कालका समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंच, तर सिमला २,२०० मीटरांच्या आसपास. चढणीबरोबर हवा विरळ होत जाते आणि वर पोचेपर्यंत इंजिन आपल्या शक्तीचा जवळजवळ सातवा हिस्सा गमावून बसते. ४० अश्वशक्तीच्या प्रीमियर पद्मिनीसारख्या गाडीच्या बाबतीत ही घट पाचेक अश्वशक्तीची होते. दुकानदार जेवढे देऊ करतो, तेवढे डोंगर काढून घेतो. आणि चालक एक गिअर खाली उतरून पुढे जातो, इतकेच.

इंजिनाचे मर्म या उदाहरणातच आहे. पेट्रोल इंजिन हे मुळात हवा ओढणारे यंत्र होय. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. पेट्रोल वाटेल तितके ओतता येते; हवा मात्र झडप उघडी असेल तेवढ्या निमिषात जेवढी शिरेल तेवढीच. म्हणून सुधारणेचे बहुतेक उपाय एक तर हवेची वाट मोकळी करणारे असतात, नाही तर आत आलेल्या हवेचे अधिक चीज करणारे.

सर्वांत स्वस्त उपाय हवेच्या गाळणीचा. परंतु मूळची कागदी गाळणी स्वच्छ असेल तर तिचा अडथळा आधीच इतका अल्प असतो, की महागड्या गाळणीने मिळणारी वाढ नाममात्र ठरते. उलट गाळणी सैल असली तर आपल्या रस्त्यांवरील धूळ सिलिंडरच्या भिंती घासून काढते. मोकळ्या सायलेन्सरचीही गोष्ट फारशी वेगळी नाही. त्याने आवाज निश्चित वाढतो, आणि आवाज वाढला की वेग वाढला असे कानाला वाटते!

खरी गुंतागुंत कॅममध्ये आहे. झडपा अधिक काळ उघड्या ठेवणारा कॅम बसविला, तर इंजिन जलद फिरत असताना आत धावणारी हवा आपल्याच वेगाने सिलिंडर भरून टाकते. पण तेच इंजिन सावकाश फिरत असेल, तर दट्ट्या वर येऊ लागला तरी झडप उघडीच राहते आणि आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलले जाते. शक्ती म्हणजे पीळ आणि गती यांचा गुणाकार. येथे वरच्या गतीचा पीळ वाढतो तो खालच्या गतीचा पीळ खर्चून. मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर जे पदरात पडते ते शर्यतीच्या धावपट्टीवर उपयोगी पडेल. कुटुंब आणि सामान घेऊन घाट चढणाऱ्या, अथवा शहरातील गर्दीत थांबत-थांबत चालणाऱ्या माणसाचा व्यवहार २,००० फेऱ्यांशी असतो, आणि तेथे तो तोट्यात जातो.

सिलिंडरचे डोके घासून संपीडन वाढविणे हा अधिक प्रामाणिक उपाय म्हणावा लागेल, कारण त्याचा लाभ सर्व गतींना मिळतो. संपीडनाचे गुणोत्तर ७ वरून ८ वर नेले तर सैद्धांतिक कार्यक्षमता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. मात्र पेट्रोल त्या तोलाचे नसेल तर इंजिन ठोकू लागते, आणि हा ठोका दुर्लक्षिला तर दट्ट्या फुटण्यापर्यंत मजल जाते.

कमाल वेगाच्या दृष्टीनेही फळ तोकडेच. हवेच्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १० टक्के शक्ती वाढवून वेग जेमतेम ३ टक्के वाढतो. ताशी १२० किलोमीटरची गाडी १२४ पर्यंत जाईल.

तरीही असे प्रयत्न व्यर्थच असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. इंग्लंडमधील मिनी ही छोटी मोटार १९५९ साली ८४८ घन सेंटिमीटरच्या, ३४ अश्वशक्तीच्या इंजिनासह आली. शर्यतीच्या गाड्या बांधणारे जॉन कूपर यांच्या सहकार्याने १९६१ साली निघालेल्या मिनी कूपरची शक्ती ५५ झाली. ही वाढ एका सुट्या भागाने झाली नव्हती. दट्ट्याची धाव लांबवून आकारमान ९९७ घन सेंटिमीटर केले गेले, दोन कार्बुरेटर बसविले, आत घेणाऱ्या झडपा मोठ्या केल्या. आणि त्याच वेळी पुढील चाकांना डिस्क ब्रेकही दिले. १९६३ साली आणखी बलवान कूपर एस आली, तेव्हा त्या डिस्क आणखी मोठ्या झाल्या. घरगुती सुधारणेत नेमका हाच क्रम उलटतो: कॅम आणि कार्बुरेटर आधी येतात, ब्रेकची आठवण उतारावर होते.

आजच्या मोटारींत कार्बुरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने घेतली आहे. टर्बोयुक्त इंजिनात नुसती आज्ञावली बदलून हवेचा दाब वाढविता येतो आणि शक्ती खरोखरच लक्षणीय वाढते. भार मात्र क्लच व गिअरपेटीवर पडतो. टर्बो नसलेल्या इंजिनात अशा बदलाने फारसे काही साधत नाही. शिवाय कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे.

जुन्या गाडीच्या मालकाने तर आधी हरवलेली शक्ती शोधावी. झिजलेल्या रिंगा, नीट न बसणाऱ्या झडपा, चुकलेले ठिणगीचे वेळापत्रक, घट्ट धरून बसलेला ब्रेक, यांत चार-पाच अश्वशक्ती सहज दडलेली असते. दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर एकाच मोकळ्या चढावर, तेवढ्याच वजनासह, एकाच गिअरमध्ये ताशी ३० पासून ५० किलोमीटरपर्यंत पोचण्यास किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याने घड्याळ लावून लिहून ठेवावे. सुटे भाग विकत घेण्याचा विचार त्यानंतर करावा.