गाडीवरची थाप

आज एका अगदी लहान गोष्टीबद्दल बोलणार आहे. जुन्या मोटरसायकलच्या सीटखाली दोन्ही बाजूंना प्लास्टिकची झाकणं असतात. आपण त्यांना साइड पॅनेल म्हणतो. ती जागेवर कशी राहतील, एवढाच आजचा विषय.

आमच्या घरी १९९१ सालची आरएक्स १०० आहे, वडिलांनी घेतलेली. ही गाडी आपल्याकडे १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे त्यातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे. वडील गाडी काढताना दोन्ही पॅनेलवर तळहाताने एकेक थाप मारत. शेतकरी बैलाच्या पाठीवर मारतो ना, तशी. आम्हा भावंडांना ते त्यांचं गाडीवरचं प्रेम वाटायचं आणि आम्ही हसायचो.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. एकदा सकाळी पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. शिरवळच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला, तसा वेग वाढवला. डाव्या मांडीपाशी काहीतरी फडफडल्यासारखं वाटलं. मी दुर्लक्ष केलं. थोड्याच वेळात मागून करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला. माझं डावं पॅनेल उडून मागच्या स्कूटरच्या चाकापुढे पडलं होतं. स्कूटरवर नवरा-बायको आणि मध्ये पाच-सहा वर्षांची मुलगी. त्या माणसाने स्कूटर सावरली म्हणून निभावलं. तो पॅनेल उचलून माझ्याकडे आला आणि एवढंच म्हणाला, "काका, जुनी गाडी चालवता, तर जरा बघत जा तिच्याकडे." माझी मान खाली गेली. मुलगी आईला बिलगून माझ्याकडे बघत होती, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

घरी आल्यावर मी पॅनेलला भोकं पाडली आणि दोन स्क्रूंनी ते चासीला आवळून टाकलं. म्हटलं, आता कुठे जातंय! दोन महिन्यांत त्याच भोकांपासून तडे गेले. मग आमच्या पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी तड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "साहेब, हे आवळायचं नसतं. याला जरा हलायला जागा ठेवायची असते."

पॅनेलच्या आतल्या बाजूला खुंट्या असतात आणि त्या चासीवरच्या रबरी बुशमध्ये दाबून बसवलेल्या असतात. इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला शंभर झाले. तासाभरात तीन लाख साठ हजार हिसके! मऊ रबर ते सोसतं आणि खुंटीही धरून ठेवतं. पण ऊन, इंजिनची धग आणि वय यांमुळे रबर कडक होतं. मग खुंटी तरी निसटते, नाहीतर मुळापासून मोडते.

मिस्त्रींनी सांगितलेलं तुम्हालाही सांगतो. बुशवर नख दाबून बघा. नख रुतलं नाही किंवा चिरा दिसल्या, तर बुश बदला. एकच न बदलता सगळे बदला, कारण एक ढिला राहिला की त्याचा भार बाकीच्यांवर येतो. नवीन बुशचं भोक खुंटीपेक्षा किंचित लहान हवं. बसवताना साबणाचं पाणी लावा, तेल किंवा पेट्रोल लावू नका. त्याने रबर फुगतं आणि सैल पडतं. खुंट्या भोकांसमोर आपोआप आल्या पाहिजेत. ओढून आणाव्या लागत असतील, तर चासीवरची पट्टी वाकलेली आहे. ती आधी सरळ करून घ्या. काढताना पॅनेलचा कोपरा धरून खेचू नका. एकेका खुंटीजवळ बोटं घालून सरळ बाहेर ओढा. निम्म्या खुंट्या धुण्याच्या दिवशीच मोडतात, असं मिस्त्री म्हणतात.

खुंटी मोडलीच तर जोडता येते. आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, अ‍ॅसिटोनचा एक थेंब लावून बघायचा. प्लास्टिक चिकट झालं, तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून त्या लगद्याने जोड भरता येतो. हे काम खिडकी उघडून, विस्तवापासून लांब करायचं. जोड दोन दिवस सुकू द्यायचा. आणि शेवटची खबरदारी म्हणून पॅनेलपासून चासीपर्यंत आतून एक आखूड नायलॉनची दोरी बांधायची. चेन, चाक आणि केबल यांपासून दूर. खुंटी सुटली तरी पॅनेल रस्त्यावर पडत नाही.

निघताना मी विचारलं, "ढिलं झालंय हे आधी कळायचं कसं?" मिस्त्रींनी माझ्या गाडीच्या पॅनेलवर तळहाताने थाप मारली. "ऐका. नीट बसलेलं असलं की आवाज भरीव येतो. सैल असलं की खुळखुळतं."

मी गाडीपाशी तसाच उभा राहिलो. वडील इतकी वर्षं लाड करत नव्हते, ऐकत होते.

हल्ली माझी मुलगी ही गाडी कॉलेजला नेते. परवा मी गॅलरीत उभा होतो. तिने हेल्मेट घातलं, किक मारण्याआधी उजवीकडे एक थाप मारली, मग डावीकडे एक. आवाज वरपर्यंत ऐकू आला. भरीव होता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)